कॅलगरीत मुलाच्या ऑल व्हील ड्राइव्ह गाडीला बर्फाचे टायर: घ्यायचे का, कोणते, किती इंची?

लोकमान्यनगरकर | १२ ऑक्टोबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. विषय इंदूरचा नाही, पण विचारणारा इंदूरचा आहे, तेव्हा चालवून घ्या.

चिरंजीव मार्चच्या शेवटी नोकरीसाठी कॅनडात कॅलगरीला गेला. जूनमध्ये त्याने जुनी सुबारू डब्ल्यूआरएक्स घेतली. २०२२ चं मॉडेल, २.४ लिटर टर्बो, सहा गिअरची मॅन्युअल. गाडी झकास आहे, व्हिडिओ कॉलवर आवाज ऐकवला त्याने. टायर आहेत २४५/४० आर १८ (रुंदी २४५ मिमी, भिंतीची उंची तिच्या ४० टक्के, रिम १८ इंची), कंपनीचे मूळचे, समर म्हणजे उन्हाळी टायर.

आता तिकडे थंडी सुरू होतेय. मी म्हटलं, बर्फाचे टायर लागतात असं ऐकलंय, घेऊन टाक. तर म्हणतो, "बाबा, चारही चाकांना पॉवर आहे. सुबारू आहे. ही गाडी बर्फासाठीच बनवतात, टायर कशाला?" हे त्याला ऑफिसातल्या कुणीतरी सांगितलंय.

मी पिथमपूरला ३१ वर्षं गिअरबॉक्समध्ये काढली, त्यामुळे गाडी कळते. पण बर्फ मी फक्त फ्रीजरमध्ये आणि सराफ्यात गोळ्यावर बघितलाय. त्याच्या पगारातून आधीच हप्ता जातोय, उगीच खर्चात पाडायचं नाही. पण गरज असेल तर अर्धे पैसे मी देतो म्हणालोय.

दिवाळी आठ दिवसांवर आलीय, घरात चकल्यांचा घाणा चाललाय आणि मी कोपऱ्यात बसून रिमचा ऑफसेट, म्हणजे चाक किती आत-बाहेर बसतं, ते वाचून राहिलोय. मदत करा.

हिमगौरी | १२ ऑक्टोबर, रात्री ११:१५

काका, घ्यायला लावा. यात दोन मतं नाहीत.

मी मूळची ग्वाल्हेरची, चौदा वर्षं मॉन्ट्रियलला आहे. पहिल्या हिवाळ्यात आम्हीही हेच ऐकलं होतं. आमच्याकडे ऑल व्हील ड्राइव्ह एसयूव्ही होती, त्यावर ऑल सीझन, म्हणजे बारमाही टायर. दुसऱ्या एका प्रांतातून आणलेली, म्हणून तशीच. डिसेंबरची एक सकाळ, रात्रीतून हिम पडलेलं. सिग्नलला बाकीच्या गाड्या चाकं गरगरवत होत्या आणि आमची सुर्रकन निघाली. नवरा म्हणाला, बघ, पैसे वसूल.

पुढच्याच गल्लीत उतार आणि उताराच्या तळाशी स्टॉपची पाटी. ब्रेक दाबला. पायाखाली एबीएसचं टकटकटक सुरू झालं आणि गाडी त्याच वेगाने खाली निघाली. हॉर्न वाजवत चौक पार केला आणि समोरच्या घराच्या कुंपणात शिरलो. कुणाला काही झालं नाही, कारण सकाळचे सहा वाजले होते. घरमालकीण गाऊनवर बाहेर आली, टायरकडे बघितलं आणि फ्रेंचमध्ये जे बोलली ते न कळूनही कळलं.

चार चाकांची पॉवर निघायला मदत करते. थांबायला तर पुढच्या चाकांवर चालणाऱ्या स्वस्त गाडीलाही चारच ब्रेक असतात.

आमच्या क्वेबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च बर्फाचे टायर कायद्यानेच सक्तीचे आहेत, नाहीतर २०० ते ३०० डॉलर दंड. कॅलगरीच्या अल्बर्टा प्रांतात सक्ती नाही, तिथे ज्याची त्याची अक्कल.

राजवाडा_रात्रौ_२ | १३ ऑक्टोबर, सकाळी ८:०५

पोहे खाता खाता वाचतोय. बर्फाचे टायर म्हणजे टायर बर्फाचे का? 😄

(बसतो गप्प. विषय भारी आहे, चालू द्या.)

रबरवाला_वडोदरा | १३ ऑक्टोबर, सकाळी १०:३०

लोकमान्यनगरकर, मी वडोदऱ्याजवळच्या एका टायर कारखान्यात मिक्सिंगला बावीस वर्षं होतो. नक्षीबद्दल सगळे बोलतात, मी रबराबद्दल सांगतो, कारण खरी गोम तिथे आहे.

प्रत्येक रबराला एक तापमान असतं, ज्याच्या खाली ते काचेसारखं कडक होतं. समर टायरचं मिश्रण असं बांधतात की उन्हातल्या तापलेल्या रस्त्यावर ते पकड देईल. तेच मिश्रण पारा साधारण ७ अंशांच्या खाली गेला की ताठ व्हायला लागतं. थंडीत डब्यातलं तूप थिजतं तसं समजा, फक्त टायर बाहेरून काळाच दिसतो, म्हणून कळत नाही. शून्याच्या बऱ्याच खाली असे टायर वाकले तर नक्षीच्या ठोकळ्यांना तडे जाऊ शकतात. नुसती उभी गाडी हलवतानासुद्धा. टायर कंपन्या स्वतःच हा इशारा छापतात.

बर्फाच्या टायरचं मिश्रण वेगळं: नैसर्गिक रबर जास्त, सिलिका भरपूर, म्हणून उणे वीस-पंचवीसलाही ते लवचीक राहतं. नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्यावर ब्लेडने मारल्यासारख्या बारीक चिरा असतात. ठोकळा दाबला की त्या उघडतात आणि हिमात दात रोवतात. हिमाला हिम चिकटतं, त्यामुळे चिरांत अडकलेलं हिमही पकड देतं.

काचेसारख्या बर्फावर मात्र खेळ निराळा. तिथे चाकाखाली पाण्याचा बारीक थर तयार होतो आणि घसरवतो तो थर. म्हणून शून्याच्या जवळपासचा ओलसर बर्फ हा उणे पंचवीसच्या कोरड्या बर्फापेक्षा जास्त दगाबाज. काही टायरांत रबरातच सूक्ष्म छिद्रं ठेवतात, ती हा थर शोषून घेतात. ब्रिजस्टोनची ब्लिझॅक मालिका यावरच उभी आहे. १९८८ ला जपानात आली, आणि त्यानंतर दोनेक वर्षांत जपानने खिळ्यांच्या (पकडीसाठी धातूचे खिळे बसवलेल्या) टायरांना आळा घालणारा कायदा केला, कारण खिळ्यांनी रस्ते खरवडून शहरांत धूळ व्हायची. म्हणजे गरज होतीच, मिश्रण वेळेवर आलं. तुमच्या पिथमपूरला ब्रिजस्टोनचा कारखाना आहे, पण आपल्या हवेला हा माल कोण घेणार?

विकत घेताना बाजूवर एक चिन्ह बघायला सांगा: तीन शिखरांचा डोंगर आणि आत हिमकण. हे चिन्ह हिमावर प्रत्यक्ष चाचणी करून मिळतं. नुसतं एम+एस (मड अँड स्नो, चिखल आणि हिम) लिहिलेलं असेल तर भुलू नका, ते बहुतेक करून नक्षीच्या आकारावरच मिळतं. आपल्याकडच्या निम्म्या एसयूव्हींच्या टायरवर असतं ते.

लोकमान्यनगरकर | १३ ऑक्टोबर, दुपारी २:२०

हिमगौरीताई, रबरवाले भाऊ, फार आभार. तुपाचं उदाहरण सौ.ला वाचून दाखवलं, तिला लगेच पटलं. मुलाला पटवायला आकडे लागतात, म्हणून जेवण झाल्यावर कागद घेऊन बसलो.

थांबायचं अंतर = वेगाचा वर्ग भागिले (२ × घर्षणांक × ९.८१). ताशी ५० किमी म्हणजे सेकंदाला १३.९ मीटर. कोरडं डांबर, घर्षणांक ०.८ धरला: १२ मीटर. दाबून बसलेलं हिम, ०.३: ३३ मीटर. काचेसारखा बर्फ, ०.१: ९८ मीटर. आणि चांगल्या टायरने ०.१ चा नुसता ०.१५ झाला तर ६५ मीटर. म्हणजे ३३ मीटर वाचले, आमच्या घरापासून कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाइतके.

या सूत्रात गाडीचं वजन उडून जातं, आणि इंजिन किती चाकांना जोडलंय हे तर कुठे येतच नाही. कागदाचा फोटो काढून पाठवला. दोन निळ्या टिकल्या आल्या, उत्तर नाही. तिकडे रात्र असेल.

देवासनाका_टायर | १३ ऑक्टोबर, रात्री ८:५०

भिया राम काका! कागद एकदम बढिया. मी देवास नाक्यावर टायरच्याच धंद्यात. बर्फाचा टायर आजवर हातात घेतलेला नाही, पण रिमचा विषय निघाला की राहवत नाही.

एकच सांगतो: टायर घेतले तर रिमसकट दुसरा सेट घ्यायला लावा. दर सहा महिन्यांनी त्याच रिमवरून टायर उतरवायचे-चढवायचे म्हणजे टायरच्या काठाची वाट, मजुरी वेगळी, बॅलेन्सिंग परत. रिमसकट असले की पोरगा स्वतः जॅक लावून अर्ध्या तासात बदलेल. आणि १८ नको, १७ घ्या. रिम लहान म्हणजे टायरची भिंत उंच, खड्ड्यात रिम वाचते, टायर स्वस्त पडतो. फक्त ब्रेकवरून रिम जातेय का ते बघावं लागतं.

आमच्याकडे पूर्वी एक शेवरोलेची फॉरेस्टर यायची, म्हणजे आतून सुबारूच. तिचा मालक एका चाकाला नवा टायर आणि तीन टकले ठेवून फिरायचा. त्याला सांगून सांगून थकलो. चारही चाकं जोडलेल्या गाडीला चारही टायर सारखे पाहिजेत.

लोकमान्यनगरकर | १४ ऑक्टोबर, सकाळी ७:१०

देवासनाका, हा मुद्दा माझ्या प्रांतातला. मॅन्युअल डब्ल्यूआरएक्सला मधल्या डिफरन्शियलमध्ये (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या भागात) व्हिस्कस कपलिंग आहे. घट्ट सिलिकॉन तेलात पातळ चकत्या. पुढच्या आणि मागच्या चाकांचा वेग सारखा असेल तर त्या निवांत. टायर लहानमोठे असले की चकत्या सरळ रस्त्यावरही सतत एकमेकींवर घसरतात, तेल तापतं, आणि एक दिवस कपलिंग कायमचं आवळून बसतं. सुबारू म्हणते चारही टायरांच्या परिघात पाव इंचापेक्षा जास्त फरक नको. पाव इंच म्हणजे ६.४ मिमी, भागिले ६.२८, म्हणजे नक्षीच्या खोलीत जेमतेम १ मिमी! "पुढे दोनच बर्फाचे टायर टाकतो" हा चिरंजीवांचा मधला तोडगा इथेच निकालात निघाला. शिवाय मागे समर ठेवले तर वळणावर गाडीची शेपूट पुढे येईल ते वेगळंच.

उत्तर आलं रात्री. घ्यायला तयार आहे, पण म्हणतो १८ इंचीच घेणार, १७ ने गाडी "काकांची" दिसते. आणि त्याला ते परफॉर्मन्स विंटर, म्हणजे स्पोर्टी गाड्यांचे ताठ हिवाळी टायर हवेत, कारण साधे बर्फाचे टायर वळणावर लुळे पडतात म्हणे.

चिनूक | १४ ऑक्टोबर, रात्री १०:४५

काका, मी कॅलगरीतच राहतो, सात वर्षं झाली. वाचत होतो, आता लिहितोच, कारण इथलं हवामान मॉन्ट्रियलसारखं नाही आणि तुमच्या मुलाचं म्हणणं पूर्ण चूक नाही.

इथे रॉकी पर्वतावरून चिनूक नावाचा गरम कोरडा वारा येतो. सकाळी उणे १८, संध्याकाळी अधिक ५, रस्त्यांवरून पाणी वाहतंय. रात्री तेच पाणी परत गोठतं. मुख्य रस्ते महापालिका साफ करते, मीठ आणि खडी टाकते (पहिल्या हिवाळ्यात काचेवर खडीचा टवका उडाला तर रडू नको म्हणावं, सगळ्यांचाच उडतो). म्हणजे निम्मा हिवाळा तुम्ही कोरड्या डांबरावर चालवता. म्हणून इथल्या गाडीवेड्या पोरांना परफॉर्मन्स विंटर आवडतात: मिशेलिन पायलट अल्पिन, कॉन्टिनेन्टल टीएस ८६० एस, पिरेली सोत्तोझेरो. भिंत ताठ, स्टिअरिंगला उत्तर पटकन.

पण गल्ल्या कुणी साफ करत नाही. आणि चौकात रोज शेकडो गाड्या ब्रेक मारून मारून हिमाचा आरसा करून ठेवतात. अपघात तिथे होतात, हायवेवर १२० ने जाताना नाही. त्या आरशावर साधे, मऊ, बिनखिळ्यांचे टायर सरस: मिशेलिन एक्स-आइस स्नो, ब्लिझॅक डब्ल्यूएस९०, नोकियन हाक्कापेलिट्टा आर५, कॉन्टिनेन्टल व्हायकिंगकॉन्टॅक्ट ७. यातला कुठलाही घ्या, चारांतला फरक भांडण्याइतका नाही. नोकियनवर माझा थोडा जीव आहे. फिनलंडची कंपनी, १९३४ पासून हेच करतेय.

वळणावर लुळे पडतात हे खरं आहे. कोरड्या रस्त्यावर जोरात वळवलं तर ठोकळे डुलतात, गाडी अर्ध्या क्षणाने ऐकते. मग जोरात वळवू नको. त्याचा हा पहिला हिवाळा आहे. त्याला बर्फावर गाडी कशी वाटते हेच अजून माहीत नाही. दोन हिवाळे मऊ टायरवर शिकू दे, मग काय घ्यायचं ते त्याचं त्याला कळेल.

म्युनिकचा_मामा | १५ ऑक्टोबर, दुपारी १:३०

चिनूकशी थोडा असहमत. मी म्युनिकला दहा वर्षं ऑल व्हील ड्राइव्ह स्पोर्ट्स सेडान परफॉर्मन्स विंटरवर चालवतोय, आल्प्समध्ये स्कीइंगला जातो, कधी अडलो नाही. मऊ टायर ऑटोबानवर १६० ला अंगावर काटा आणतात. जर्मनीत २०१० पासून नियम आहे, रस्त्यावर हिवाळी परिस्थिती असेल तर हिवाळी टायरच हवेत. ऑक्टोबर २०२४ पासून तर डोंगर-हिमकणाचं चिन्ह नसेल तर तो हिवाळी टायर धरतच नाहीत. ६० युरो दंड आणि लायसन्सच्या नोंदीत एक पॉइंट. पण टायर मऊ की ताठ, हे ज्याचं त्याने ठरवायचं.

इकडे म्हण आहे, ओ ते ओ: ऑक्टोबर ते ओस्टर्न, म्हणजे ईस्टर. त्या काळात हिवाळी टायर.

चिनूक | १५ ऑक्टोबर, रात्री ९:००

मामा, म्युनिकचा हिवाळा म्हणजे उणे पाच आणि चिखल. इथे जानेवारीत उणे तीस होतं आणि कुणी १६० ने जात नाही. तुमचे टायर तुमच्या हवेसाठी बरोबर आहेत, वाद कशाला.

म्युनिकचा_मामा | १५ ऑक्टोबर, रात्री ९:२०

उणे तीस हा मुद्दा मान्य. बाकी चिखल म्हणालात ते लक्षात ठेवीन.

हिमगौरी | १५ ऑक्टोबर, रात्री १०:०५

ओ ते ओ छान आहे, पण आपल्या घरी कुणाच्या लक्षात राहणार? आमच्याकडे नियम असा: दिवाळीला चढवायचे, अक्षय तृतीयेला उतरवायचे. माझी मुलं इथे जन्मलीत, पण टायर बदलले की विचारतात, "आई, करंजी कधी?"

सोलंगी_इंदौरी | १६ ऑक्टोबर, सकाळी ११:४०

थोडं अवांतर, पण जवळचंच आहे. कॅनडाला नाही, पण इंदूरहून माझी ऑल व्हील ड्राइव्ह सेडान घेऊन जानेवारीत हिमाचलातल्या लाहौलला जाऊन आलोय, तेव्हा समर टायरवर बर्फ काय करतो ते सांगू शकतो.

अटल बोगदा ९.०२ किलोमीटर आहे, २०२० च्या ऑक्टोबरात खुला झाला. मनालीच्या बाजूने शिरताना लख्ख ऊन होतं, रस्ता कोरडा. सोलंगजवळ पोलिसांनी अडवलं, चारही चाकांची पॉवर आहे का विचारलं, मी ऐटीत हो म्हटलं आणि सोडलं. उत्तरेच्या तोंडातून बाहेर पडलो तर सगळी सावली. रस्ता नुसता ओला दिसत होता. पन्नास मीटर गेलो आणि स्टिअरिंग हलकं झालं, रिकाम्या ताटलीसारखं. वळवतोय आणि काहीच होत नाही. तो ओलेपणा नव्हता, ब्लॅक आइस होता, म्हणजे डोळ्याला न दिसणारा बर्फाचा पारदर्शक थर. वेग २० होता म्हणून कडेच्या हिमाच्या ढिगात नाक खुपसून थांबलो. मागून एक जुनी पुढच्या चाकांची हॅचबॅक चाकांना बांधलेल्या साखळ्या खळखळवत शांतपणे गेली. चालवणाऱ्याने खिडकीतून हात केला. तो हात अजून आठवतो.

साखळ्यांचा मोह आपल्या गाडीला करायचा तर आधी मॅन्युअल बघा. स्पोर्टी गाड्यांत टायर आणि सस्पेन्शन यांच्यात जेमतेम बोटभर जागा असते, जाड साखळी तिथे घासते.

राजवाडा_रात्रौ_२ | १६ ऑक्टोबर, दुपारी १२:१५

इंदूरहून मनालीला साडेतेराशे किमी जाऊन ढिगात नाक. हे सराफ्यात सांगितलंस का कुणाला?

सोलंगी_इंदौरी | १६ ऑक्टोबर, दुपारी १२:३०

फक्त इथे. तू पण गप्प राहा.

लोकमान्यनगरकर | १६ ऑक्टोबर, रात्री ९:१५

सोलंगी, तुझा प्रतिसाद जशाच्या तसा मुलाला पाठवला. "रिकाम्या ताटलीसारखं" वाचून पहिल्यांदा त्याचा स्वतःहून फोन आला. मऊ टायरवर तयार झालाय. वादाचा मुद्दा आता रिमचा. १७ इंची त्या ब्रेकवरून जाईल का, आणि टायरचं माप काय घ्यायचं?

चिनूक | १६ ऑक्टोबर, रात्री ११:५०

जाईल. त्याच मॉडेलच्या बेस (सगळ्यांत साध्या) गाडीला कंपनी १७ इंचीच द्यायची, माप २३५/४५ आर १७. (२०२४ ची टीआर आवृत्ती वेगळी, तिला मोठे ब्रेम्बो ब्रेक आहेत, तिथे १७ विसरा.)

आता मापाचा हिशोब. मूळ २४५/४० आर १८ चा व्यास ६५३ मिमी. २३५/४५ आर १७ चा ६४३, म्हणजे दीड टक्का लहान. २२५/५० आर १७ चा ६५७, फरक अर्धा टक्का, आणि टायर अरुंद. अरुंद टायर हिमातून खाली रस्त्यापर्यंत कापत जातो, रुंद टायर वर तरंगतो. म्हणून माझं मत २२५/५०. पण २३५/४५ हे कंपनीचं स्वतःचं माप आहे, त्यातही चूक काही नाही. फक्त टायरचा लोड इंडेक्स (किती वजन पेलतो तो आकडा) दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरपेक्षा कमी नको.

रिमचे आकडे कागदावर लिहून दुकानात जायला सांगा: पाच बोल्ट, ११४.३ पीसीडी (बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास, मिमीत), मधलं भोक ५६.१, ऑफसेट ५५ च्या आसपास, नटाची आटी १२ × १.२५. बाजारातल्या बऱ्याच रिमचं मधलं भोक ७३.१ असतं, मग मध्ये कडी घालावी लागते. ती नसेल तर चाक नटांवरच लटकतं आणि ताशी ९० ला स्टिअरिंग थरथरतं. माझी तीच कथा. दुकानदाराने कडी घातलीच नाही, मी दोन महिने बॅलेन्सिंग करत फिरलो.

देवासनाका_टायर | १७ ऑक्टोबर, सकाळी ९:३०

चिनूक भाऊ, हे आपल्याकडेही रोजचं. कडी प्लास्टिकची असली तर गंजत नाही, अ‍ॅल्युमिनियमची हबला (चाक ज्यावर बसतं त्या भागाला) चिकटून बसते. मिठाच्या देशात प्लास्टिकचीच बरी.

काका, लोखंडी रिमचाही विचार करा. जड असते, दिसायला भिकार, पण खड्ड्यात गेली तर वाकते, तडकत नाही. वाकलेली ठोकून सरळ होते.

लोकमान्यनगरकर | १७ ऑक्टोबर, दुपारी ४:००

लोखंडी रिमचा फोटो पाठवला. उत्तरादाखल फक्त हात जोडलेलं चित्र आलं.

चिनूक | १७ ऑक्टोबर, रात्री १०:३०

😄 मधला मार्ग आहे. बेस गाडी घेणारी पोरं पहिल्याच महिन्यात मोठ्या रिम टाकतात आणि मूळच्या १७ इंची अलॉय जुन्या बाजारात काढतात. त्या घ्या. भोक, ऑफसेट, नट सगळं कंपनीचं, कडीची कटकट नाही, आणि दिसायलाही बऱ्या. त्या रिमवर २३५/४५ बसवा, म्हणजे मापाचा वादही संपला. २२५/५० चा माझा हट्ट मागे घेतो.

टायर मात्र नवेच, जुने नकोत. बर्फाच्या टायरची नक्षी अर्धी झाली की तो हिमाच्या कामाचा उरत नाही. बाजूवरचे शेवटचे चार अंक बघायचे, उदाहरणार्थ ३१२४ म्हणजे २०२४ चा एकतिसावा आठवडा. वर्षभर गोदामात पडलेला चालतो.

आणि बॅन्फच्या पुढे शेजारच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात जायचा बेत असेल, जो प्रत्येकाचा असतो, तर तिथल्या डोंगरी हायवेंवर १ ऑक्टोबर ते ३० एप्रिल हिवाळी टायर सक्तीचे आहेत, नक्षी किमान ३.५ मिमी. हिमावर जायचं तर एवढी नक्षी मला कमीच वाटते.

रबरवाला_वडोदरा | १८ ऑक्टोबर, सकाळी ११:००

एक राहिलं. हवा! तापमान साडेपाच अंश उतरलं की दाब साधारण १ पीएसआय उतरतो. गरम गॅरेजमध्ये १५ अंशांना हवा भरली आणि बाहेर उणे २५ असेल तर सात पीएसआय गेले, न पंक्चर होता. म्हणून थंड गाडीत, बाहेर, भरायची. चाकात हवेचे सेन्सर असतील तर दुसऱ्या सेटलाही लागतील, नाहीतर डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा सहा महिने डोळे वटारत राहील.

लोकमान्यनगरकर | २६ ऑक्टोबर, रात्री ८:३०

धागा वर काढतोय, कारण काम झालं.

बेस गाडीच्या चार अलॉय एका विद्यार्थ्याकडून मिळाल्या, एकीच्या कडेला खरचटलंय. त्यावर एक्स-आइस स्नो २३५/४५ आर १७, चारही ३४२५, म्हणजे ऑगस्टचा ताजा माल. पाडव्याला त्याने स्वतः चढवले, इमारतीच्या पार्किंगमध्ये. मी व्हिडिओ कॉलवर. इथे रात्रीचे साडेअकरा, सौ. मागून म्हणतेय की ओवाळणी राहिली आणि हे टायर बघतायत.

चांगलं झालं बघत होतो ते. पुढचा डावा नट आवळून झाला, त्याने फोन जवळ नेला आणि मला टायरच्या बाजूवर बाण दिसला. बाण मागे बघत होता. मी ओरडलो, "फिरण्याची दिशा! उलटा लावलायस!" तो म्हणाला, "बाबा, तो बाण नाही, डिझाइन आहे." मी म्हटलं, जवळ ने. नेला. दोन मिनिटं गप्प होता. मग कळलं, बाणच होता, पण टायरवरचा नव्हे. रिमच्या आधीच्या मालकाने खडूने काढलेला, शेजारी "डा. मा." सारखं काहीतरी इंग्रजीत. म्हणजे डावी मागची. एक्स-आइसला तशीही दिशा असते की नाही ते त्याने बाजूवर शोधलं, बाण सापडला, आणि तो बरोबर पुढेच होता. मी माफी मागितली नाही. तपासून घेतलं हे महत्त्वाचं.

समर टायर बाल्कनीत आडवे रचून ठेवलेत, खडूने जागा लिहून. ही अक्कल त्या खडूवरून आली.

देवासनाका_टायर | २६ ऑक्टोबर, रात्री ९:१०

अभिनंदन काका! नट टॉर्क पान्यानेच आवळलेत ना, चांदणीच्या क्रमाने? आणि शंभर किमी झाले की परत एकदा आवळायला सांगा. अलॉय बसते, नट ढिले पडतात.

लोकमान्यनगरकर | २६ ऑक्टोबर, रात्री ९:४५

टॉर्क पाना चिनूकने आणून दिला, १२० न्यूटन-मीटरला लावून. त्याला इथूनच फराळाचा डबा कबूल केलाय.

शंभर किमीचं आत्ताच विचारलं. "हो बाबा, केलं" म्हणाला. फार पटकन म्हणाला. परत फोन लावतो.